कॉलेज बेसबॉलच्या हेड कोचचा रेकॉर्ड वाचायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा न्यू जर्सीत अकरावीला आहे, उजव्या हाताने टाकणारा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. दोन कॉलेजांनी त्याच्यात रस दाखवलाय. एका ठिकाणचा हेड कोच वीस-बावीस वर्षं तिथेच आहे, सातशेच्या वर विजय त्याच्या नावावर आहेत, पण त्याचा संघ ओमाहाला, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला, कधीच पोचलेला नाही. दुसरा वयाने तरुण, येऊन चारच वर्षं झालीत, आणि गेल्या हंगामात त्याचा संघ कॉलेज वर्ल्ड सिरीज खेळून आला. तुम्ही स्वतः क्रिकेटवर वाढलात, बेसबॉल मुलामुळे बघायला लागलात, आणि विचारताय की यातला खरा यशस्वी कोच कोण.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. कोच यशस्वी आहे का, हा एक. तो तुमच्या मुलासाठी योग्य आहे का, हा दुसरा. इथल्या कॉलेज बेसबॉलमध्ये असिस्टंट कोच म्हणून मी बरीच वर्षं काढली, मुख्यतः पिचर आणि रिक्रूटिंग (नव्या खेळाडूंची भरती) सांभाळत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावून टाकणारी खूप घरं पाहिली, आणि त्यातली बरीच मुलं दोन वर्षं बाकावर बसून तिसऱ्या वर्षी कॉलेज बदलताना पाहिली. म्हणून सविस्तर लिहितोय. कॉलेजं कुठल्या डिव्हिजनची (स्पर्धेच्या पातळीची) आहेत, स्कॉलरशिप किती, मुलाला शिकायचं काय आहे, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा मी फक्त कोचबद्दल बोलू शकतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये गोलंदाज कधी बदलायचा हे कॅप्टन ठरवतो. इथे तो निर्णय डगआऊटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून होतो, आणि त्याची अंतिम जबाबदारी हेड कोचची. खेळाडू निवडणं, स्कॉलरशिप कुणाला किती द्यायची, असिस्टंट नेमणं, देणगीदारांना भेटणं, मुलं वर्गात पास होताहेत की नाही हे बघणं, हेही त्याच्याच गळ्यात. त्यामुळे संघाचा रेकॉर्ड हा आपल्या रणजी संघाच्या कोचपेक्षा इथल्या हेड कोचचा कितीतरी जास्त असतो. तरी तो सगळा त्याचा नसतो. कॉलेजचा पैसा, हवामान, कॉन्फरन्स (आपसात नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) आणि आधीच्या कोचने मागे ठेवलेला संघ, हे सगळं त्या आकड्यात भरलेलं असतं.

फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन हे उदाहरण मी नेहमी देतो. १९८० ते २०१९, सलग ४० हंगाम ते तिथे हेड कोच होते. २,०२९ विजय. निवृत्त झाले तेव्हा कॉलेज बेसबॉलमध्ये कुणाच्याही नावावर एवढे विजय नव्हते. या ४० हंगामांत एकदाही संघ राष्ट्रीय स्पर्धेला मुकला नाही, आणि एकदाही विजयांची संख्या ४० च्या खाली गेली नाही. १७ वेळा संघ ओमाहाला गेला. विजेतेपद शून्य. १९८६ मध्ये अंतिम सामन्यात ॲरिझोनाकडून हरले, १९९९ मध्ये मायामीकडून एका धावेने.

मार्टिन यांच्याबद्दल इथे वर्षानुवर्षं एकच वाक्य बोललं जायचं, की त्यांना मोठा सामना जिंकता येत नाही. मला हे कधीच पटलं नाही, आणि त्याचं कारण स्पर्धेच्या रचनेत आहे.

१९९९ पासून स्पर्धेत ६४ संघ असतात. चार-चार संघांचे १६ रीजनल, शुक्रवार ते सोमवार. दोनदा हरलात की बाहेर. त्यातून १६ संघ सुपर रीजनलला, तिथे तीनपैकी दोन सामने जिंकायचे. उरलेले आठ नेब्रास्कातल्या ओमाहाला. तिथे पुन्हा दोन पराभवांची मुभा, आणि २००३ पासून अंतिम फेरीत तीनपैकी दोन. नियमित हंगाम ५६ सामन्यांचा असतो आणि मुख्य सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे होतात. म्हणजे संघ तीन चांगल्या सुरुवातीच्या पिचरभोवती बांधलेला असतो. रीजनलमध्ये पहिलाच सामना हरलात तर उरलेल्या तीन दिवसांत चार सामने जिंकावे लागतात. तिथे चौथा, पाचवा, सहावा पिचर उघडा पडतो. वर्षभर उत्तम खेळलेला संघ दोन वाईट संध्याकाळींत संपतो.

व्हँडरबिल्टचा २०१३ चा संघ घ्या. देशातली सगळ्यात कठीण समजली जाणारी कॉन्फरन्स एसईसी. तिथे त्यांनी २६ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. तो संघ सुपर रीजनलमध्ये घरच्या मैदानावर लुईव्हिलकडून हरला, ओमाहाला गेलाच नाही. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, त्याहून साधा रेकॉर्ड असलेल्या व्हँडरबिल्टने विजेतेपद मिळवलं. टिम कॉर्बिन दोन्ही वर्षी कोच होते. एका वर्षात ते जास्त हुशार झाले असं म्हणायचं का? टेनेसीचंही तेच. २०२२ मध्ये ५७ विजय, ९ पराभव, देशात पहिला क्रमांक, आणि घरच्या मैदानावर नॉत्र दामकडून बाहेर. २०२४ मध्ये तेच कोच, टोनी व्हिटेलो, विजेते झाले.

उलट बाजूने ओल मिसचं २०२२ चं वर्ष बघा. माइक बियांको तिथे २००१ च्या हंगामापासून होते. त्या वर्षी संघ कॉन्फरन्समध्ये ७ विजय आणि १४ पराभव अशा अवस्थेत होता आणि त्यांना काढा म्हणून लोक उघड बोलत होते. स्पर्धेत घेतलेला तो शेवटचा संघ होता. आणि तोच संघ विजेता झाला. पुढच्याच हंगामात, २०२३ मध्ये, कॉन्फरन्समध्ये ६ विजय आणि २४ पराभव, स्पर्धेत प्रवेशही नाही. २०२२ च्या जूनमधली ती तीन आठवड्यांची धाव बियांको यांच्या दोन दशकांच्या कामाबद्दल जेवढं कमी सांगते, तेवढंच कमी ते २०२३ सांगतं. कोचचा अंदाज दोन टोकांवरून नाही येत, मधल्या वर्षांवरून येतो.

विजेतेपद किती बारीक धाग्यावर लटकतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९९६ चा अंतिम सामना. एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्ध मायामी. शेवटची, नववी इनिंग, दोन बाद, एलएसयू ८-७ ने मागे, तिसऱ्या बेसवर धावणारा. बॅटवर वॉरन मॉरिस. मनगटाजवळचं हाड मोडल्यामुळे तो त्या हंगामात बराच काळ बाहेर होता आणि त्याच्या नावावर वर्षभरात एकही होम रन नव्हता. पहिलाच चेंडू उजव्या बाजूच्या कुंपणावरून गेला, एलएसयू ९-८ ने जिंकलं. कोच स्किप बर्टमन यांच्या पाच विजेतेपदांपैकी ते एक. तो चेंडू चार हात आधी पडून झेल झाला असता तरी बर्टमन तेवढेच मोठे कोच होते. १९८४ ला त्यांनी हातात घेतलेलं एलएसयू आणि २००१ ला सोडलेलं एलएसयू यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, तो त्या एका फटक्याने पडलेला नव्हता.

म्हणून माझं मत असं बनलंय की कोचचं सर्वोत्तम वर्ष बाजूला ठेवा आणि त्याची वाईट वर्षं बघा. शिखरावर नशिबाचा वाटा मोठा असतो. तळ मात्र कोचच्या हातचा असतो: दुखापती झाल्या, दोन मोठे खेळाडू ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) गेले, पहिल्या वर्षाची मुलं कच्ची निघाली, तरी संघ किती खाली घसरतो. मार्टिन यांचा शेवटचा हंगाम त्यांच्या वाईट हंगामांपैकी होता. २०१९ मध्ये संघाला स्पर्धेत प्रवेश मिळतो की नाही इथपासून प्रश्न होता. मिळाला, आणि त्यांनी आधी जॉर्जियाच्या, मग एलएसयूच्या मैदानावर जाऊन जिंकून ओमाहा गाठलं. वाईट वर्षाचा शेवटही तिथे झाला, याला मी कोचिंग म्हणतो.

आता वारशाचं बोलू, कारण तुमच्या पहिल्या कोचचे सातशे विजय समजायला ते लागेल. मार्टिन यांना फ्लोरिडा स्टेट रिकामं मिळालं नव्हतं. तो संघ आधीच अनेकदा ओमाहाला जाऊन आला होता, १९७० मध्ये अंतिम सामना खेळला होता, आणि वर्षभर उन्हात सराव करता येईल असं राज्य होतं. मार्टिन यांनी ते ४० वर्षं घसरू दिलं नाही. कॉर्बिन यांची गोष्ट वेगळी. ते २००३ च्या हंगामासाठी व्हँडरबिल्टला आले तेव्हा तो संघ १९८० नंतर राष्ट्रीय स्पर्धेत दिसलाच नव्हता. दुसऱ्याच हंगामात त्यांनी त्याला तिथे नेलं, आणि २०१४ व २०१९ मध्ये विजेता केलं. उभारणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दोन्ही एकाच माणसात असतातच असं नाही.

हवामानाचा मुद्दा तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून तुम्हाला लगेच कळेल. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. तेव्हा उत्तरेकडची मैदानं बर्फाखाली असतात, संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत जाऊन परक्या मैदानांवर खेळतात आणि पुष्कळदा हरतात. जॉन विंकिन यांनी अगदी उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या विद्यापीठाला १९७६ ते १९८६ या काळात सहा वेळा ओमाहाला नेलं. मेन! माझ्या लेखी हा पराक्रम दक्षिणेतल्या काही विजेतेपदांहून वरचा आहे. तेव्हा तुमचा सातशेवाला कोच उत्तरेत असेल तर त्या विजयांचं वजन वेगळं, आणि कमकुवत कॉन्फरन्समध्ये असेल तर वेगळं. नुसती बेरीज बघू नका. मोठी बेरीज सगळ्यात आधी एवढंच सांगते की कॉलेजने या माणसाला इतकी वर्षं ठेवलं. ठेवलं का, ते शोधायचं.

जुन्या काळाशी तुलना करताना तर फारच जपून. यूएससीचे (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) रॉड डेडो यांच्या नावावर ११ विजेतेपदं आहेत, १९७० ते १९७४ अशी सलग पाच. ते ट्रकिंगच्या व्यवसायात होते आणि कोच म्हणून नाममात्र एक डॉलर पगार घ्यायचे. थोर माणूस, पण तेव्हाची स्पर्धा ६४ संघांची नव्हती, आणि आजच्या कोचला जे सांभाळावं लागतं त्यातलं निम्मंही तेव्हा नव्हतं.

आज काय सांभाळावं लागतं, हे तुमच्या मुलाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे. पूर्वी डिव्हिजन वनच्या संघाला ११.७ स्कॉलरशिप मिळायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात ३४ च खेळाडू अशी मर्यादा आली. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी. आता खेळाडू कॉलेज बदलून लगेच पुढच्या हंगामात खेळू शकतो. पॉल स्कीन्स एअर फोर्सहून एलएसयूला आला आणि एका वर्षात, २०२३ मध्ये, संघ विजेता. कोचच्या नजरेने बघा: ३४ जागा, आणि समोर पर्याय दोन. एक सतरा वर्षांचा मुलगा, ज्याला दोन वर्षं घडवावं लागेल. दुसरा एकवीस वर्षांचा, जो दुसऱ्या कॉलेजात ८० इनिंग टाकून आलाय. ज्याची नोकरी पुढच्या जूनवर टांगलेली आहे तो कुणाला घेईल? आणि नोकरी खरंच टांगलेली असते. मिसिसिपी स्टेटने २०२१ मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या कोचला २०२५ मध्ये हंगाम चालू असतानाच काढलं.

त्यामुळे तुमच्या तरुण कोचबद्दल पहिला प्रश्न असा विचारा: गेल्या हंगामात ओमाहाला गेलेल्या संघात त्याने स्वतः हायस्कूलमधून आणलेली मुलं किती होती आणि पोर्टलमधून आलेली किती? हे कुणाला विचारायचीही गरज नाही. कॉलेजच्या साइटवर दरवर्षीचं रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) असतं. तीन वर्षांपूर्वीचं रोस्टर उघडा, पहिल्या वर्षाच्या पिचरांची नावं कागदावर लिहा, मग पुढच्या प्रत्येक वर्षाच्या रोस्टरमध्ये ती शोधा. आठातली सहा उरली असतील तर बरं. दोनच उरली असतील तर बाकीची कुठे गेली ते बघा. ड्राफ्टमध्ये गेली असतील तर उत्तमच. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा साधारण तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टसाठी पात्र होतो, तेव्हा तिसऱ्या वर्षानंतर नाव गायब होणं वाईट नसतं. पहिल्या वर्षानंतरच गायब होणं वाईट. हाच कागद दुसऱ्या कोचसाठीही करा. एका संध्याकाळचं काम आहे.

दुसरं, आणि पिचरच्या वडिलांना मी हे अगदी कळकळीने सांगतो: हात कसा वापरला जातो ते बघा. कॉलेजच्या खेळात चेंडूंच्या संख्येवर नियमाची मर्यादा नाही. मेजर लीगच्या (इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) मार्गदर्शक तक्त्यात १९ ते २२ वयाच्या पिचरने ८१ ते १०५ चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती सांगितली आहे, पण तो सल्ला आहे, बंधन नाही. २००९ च्या रीजनलमध्ये टेक्सस आणि बॉस्टन कॉलेज २५ इनिंग खेळले. टेक्ससच्या ऑस्टिन वुडने एकट्याने १३ इनिंग, १६९ चेंडू टाकले. टेक्सस ३-२ ने जिंकलं आणि लोक अजून त्या रात्रीबद्दल भारावून बोलतात. कोच ऑगी गरिडो होते, पाच विजेतेपदांचे धनी, खेळातल्या सगळ्यात आदरणीय माणसांपैकी एक. मी सांगतोय ते हे की इतका मोठा कोचसुद्धा त्या क्षणी तो चेंडू त्याच मुलाच्या हातात ठेवतो.

म्हणून असं करा. दोन्ही कॉलेजांच्या मागच्या दोन हंगामांतल्या कॉन्फरन्स स्पर्धेचे आणि रीजनलचे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचे तक्ते) काढा. पिचरच्या नावापुढे टाकलेल्या चेंडूंचा आकडा बहुतेक ठिकाणी असतो. प्रत्येक पिचरचं नाव, तारीख, चेंडू, असं उतरवा. शुक्रवारी १०४ टाकणारा मुलगा रविवारी रात्री पुन्हा दिसतो का? दिसला तर किती चेंडू? वीसेक चेंडू, मुलाची स्वतःची इच्छा, तिसऱ्या वर्षाचा खेळाडू, हे मी समजू शकतो. साठ-सत्तर चेंडू आणि दोन्ही वर्षी तेच, तर तो कोच कितीही जिंको, माझ्या घरचा मुलगा मी तिथे पाठवणार नाही. कोपराच्या ऑपरेशननंतर पुन्हा सामन्यात टाकायला वर्षाच्या वर जातं, आणि कॉलेजचे खेळायचे हंगामच चार असतात.

तिसरं, हेड कोचइतकाच पिचिंग कोच बघा, कारण तुमच्या मुलाचा रोजचा संबंध त्याच्याशी येणार. चांगल्या हेड कोचचे असिस्टंट पुढे स्वतः हेड कोच होतात. बियांको हे बर्टमन यांच्याकडे आधी खेळलेले आणि मग असिस्टंट राहिलेले. २०१९ च्या अंतिम फेरीत कॉर्बिन यांच्यासमोर मिशिगनचे एरिक बॅकिच होते, त्यांचेच जुने असिस्टंट. याची दुसरी बाजू अशी की चांगला असिस्टंट टिकत नाही. तुमचा मुलगा ज्याच्यावर विश्वास ठेवून जाईल तो दीड वर्षात दुसरीकडे हेड कोच झालेला असू शकतो. तेव्हा भेटीत स्पष्ट विचारा: गेल्या दहा वर्षांत इथे पिचिंग कोच किती झाले, आणि नवा आला की मुलांची टाकायची पद्धत बदलते का? जुन्या कोचच्या ठिकाणी याचं उत्तर बहुधा जास्त स्थिर मिळेल, पण तेही तपासूनच धरा.

चौथी गोष्ट आकड्यांत सापडत नाही. कोचला मुलात काय दिसतं? बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेटला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून आला होता. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला २००७ मध्ये कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) केलं, आणि २००८ च्या ड्राफ्टमध्ये तो पाचवा निवडला गेला. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचा कॅचर म्हणून त्याने मोठं नाव कमावलं. त्याच पोझीने जायंट्सचा प्रमुख झाल्यावर २०२५ मध्ये व्हिटेलो यांना कॉलेजमधून थेट संघाचं मॅनेजरपद (तिथे मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) दिलं. कॉलेजच्या कोचिंगला काय किंमत आहे हे त्याने स्वतः अनुभवलेलं होतं. तुमच्या मुलाला भेटायला आलेला कोच त्याच्या वेगाच्या आकड्यापलीकडे काही बोलतो का, त्याच्या चेंडूबद्दल, चालण्या-वागण्याबद्दल, कुठे कमी आहे त्याबद्दल, हे तुम्ही शांतपणे ऐका. बेसबॉल कळत नसला तरी हे कळतं.

आत्तापर्यंतचं एका दमात: सातशे विजयांतून टिकाऊपणा कळतो, एका ओमाहावारीतून एक चांगला जून कळतो. दोघांचाही तळ बघा, रोस्टरवर मुलं टिकतात का बघा, पिचरांचे हात कसे वापरले ते बघा.

माझा कल विचारलात तर, बाकी सगळं सारखं असेल आणि मुलगा अजून वाढीला लागलेला, अंगाने हलका असेल, तर मी जुन्या कोचकडे झुकेन, मात्र तो अजून किमान चार वर्षं राहणार आहे का हे तोंडावर विचारून. साठीच्या पुढच्या कोचला हा प्रश्न अपमान वाटत नाही, त्याला तो दर घरी ऐकावा लागतो. मुलगा आत्ताच ताशी ९२-९३ मैलांनी टाकत असेल आणि पहिल्याच वर्षी इनिंग मिळण्याची खरी शक्यता असेल, तर तरुण कोचचा संघ वाईट नाही. दोन्ही कॉलेजांची डिव्हिजन, स्कॉलरशिपचा प्रस्ताव आणि मुलाने या उन्हाळ्यात किती इनिंग टाकल्यात ते कळवा. त्यानंतर यापेक्षा नेमकं सांगता येईल.